नात्याच्या रकान्यात

"आरोपीशी नातं काय?" कोर्टातल्या कारकुनाने विचारलं.

आप्पा हसले. नुसते हसले नाहीत, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे हसले. "नातं? ह्यांच्याशी? आमच्या मिठावरची मानसं हायत ती. हिच्या आज्यापासून आमचं खातात."

कारकूनही हसला. मान खाली घालून त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मला उलट्या बाजूने वाचता येतं. मी एका शाळेत आया आहे, समोर बसलेल्या मुलांच्या पाट्या बघून बघून ती सवय लागली. मी वाचलं. नात्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, मालक.

माझा धाकटा भाऊ लक्ष्मण खुनाच्या आरोपाखाली चार वर्षं तुरुंगात होता. त्या दिवशी त्याला जामीन राहायला आप्पा आले होते. आप्पा म्हणजे काशीगावातले जमीनवाले. कारकुनाने लिहिलं ते वाचून मला काहीतरी म्हणायचं होतं. माझ्या शेजारी आई उभी होती. तिने हात जोडले. मग मीही जोडले. मला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वर गेले, आणि ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त टोचते.

आप्पांनी हातातली कापडी पिशवी माझ्याकडे दिली. म्हणाले, "नीट धर. सातबारे हायत त्यात. तुझ्या बापाने कधी बघितले नसतील."

मी ती पिशवी छातीशी धरून दोन तास उभी राहिले. बाकावर जागा होती. पण पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं त्यांना चालेल की नाही ते मला कळेना, म्हणून बसले नाही. मी दहावी पास आहे. महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार येतो. तरी माझी ही अवस्था.

आमचा पाडा काशीगावाच्या मागे, डोंगराला लागून. आजोबा आप्पांच्या वडिलांच्या मिठागरावर होते. डोक्यावर टोपली, पायाला भेगा, भेगांत मीठ. बाबाही तेच करत गेले. आई आप्पांचं अंगण झाडायची. मग मिठागर बंद पडलं, भातशेतीवर बिल्डिंगी आल्या, आप्पांच्या दारात दोन मोठ्या गाड्या आल्या, बंगल्याला संगमरवर लागला. आमच्या घराला अजून नंबर नाही. एवढं सगळं बदललं, पण आप्पांनी हाक मारली की आमच्या घरातला माणूस जेवणावरून उठायचा, ते काही बदललं नाही.

लक्ष्मणच्या बाबतीत काय झालं ते सांगते. माझा भाऊ देवमाणूस आहे असं मी म्हणणार नाही.

हायवेच्या कडेला आप्पांचा एक मोकळा प्लॉट आहे. पत्र्याचं कुंपण, लोखंडी फाटक. लक्ष्मण तिथे वॉचमन होता. मेट्रोच्या कामाने तेव्हा रस्ता अरुंद झाला होता, टेम्पोवाले जागा दिसेल तिथे गाडी लावायचे. एका दुपारी एक टेम्पोवाला फाटकासमोर गाडी लावून जेवायला गेला. आप्पांचा मुलगा आला, त्याची गाडी आत जाईना. टेम्पोवाला परत आल्यावर शिवीगाळ झाली. त्याने शिवी ऐकून घेतली नाही, उलट दिली. आप्पांच्या मुलाने त्याची कॉलर धरून त्याला प्लॉटमध्ये ओढलं आणि लक्ष्मणला म्हणाला, "फाटक लाव."

लक्ष्मणने फाटक लावलं.

आत बांधकामाच्या सळया पडल्या होत्या. त्या माणसाने तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जीव सोडला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ते मला पाठ आहे.

आपण हात लावला नाही असं लक्ष्मण सांगतो. माझा विश्वास आहे. पण मी बहीण, माझ्या विश्वासाला कोर्टात कोण विचारतो. फाटक मात्र त्यानेच लावलं. ते उघडं असतं तर तो माणूस पळू शकला असता. का लावलंस, असं मी त्याला तुरुंगाच्या भेटीत विचारलं होतं. आमच्यात काच होती, कानाला फोन होता. तो म्हणाला, "सांगितलं ना त्यांनी."

एवढंच. त्याच्याकडे दुसरं कारण नव्हतं. माझ्याकडेही पिशवी धरून उभं राहायला दुसरं कारण नव्हतं.

दोघांना एकाच दिवशी अटक झाली. एकच गुन्हा, एकच कलम. आप्पांचा मुलगा चार महिन्यांत बाहेर आला. मोठा वकील, आजारपणाचे कागद. गावात फटाके वाजले, पेढे वाटले. सगळे म्हणत होते, सुटला, सुटला. जामीन मिळणं म्हणजे सुटणं नव्हे, खटला अजून उभाच राहिलेला नाही, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आमच्याही नव्हतं. आईने पेढा घेतला, देवासमोर ठेवला.

लक्ष्मणचा वकील आप्पांनीच दिलेला. मोठ्या वकिलाच्या हाताखालचा. लक्ष्मणच्या जामिनाच्या अर्जाला विरोध करताना सरकारी वकिलाने सांगितलं की आरोपीला कायमचा पत्ता नाही, तो पळून जाईल. मी मागे उभी राहून ऐकत होते. ज्या घराण्यातला माणूस तीन पिढ्यांत खाडी ओलांडून पलीकडे राहायला गेला नाही, तो पळून जाणार. आणि ज्याच्या पासपोर्टवर शिक्के मारायला जागा उरली नाही, तो इथेच राहणार. मला तेव्हा राग आला नाही, हसू आलं. राग यायला वेळ लागला. अर्ज एकदा फेटाळला गेला. दुसऱ्यांदा वकिलाने स्वतःच मागे घेतला, का ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

चार वर्षं मी शाळेत सांगत राहिले की भाऊ गुजरातला कामाला आहे. बेव्हर्ली पार्कातली छोट्या मुलांची शाळा. मुलांना शू-शीला नेणं, डबे उघडून देणं, नाकं पुसणं. एकोणतिसाव्या वर्षी मला सगळे मावशी म्हणतात. दिवाळीला टीचर विचारायच्या, "मावशी, भाऊ आला का?" मी म्हणायचे, सुट्टी नाही मिळाली. खोटं बोलायला मी एवढी सरावले की गुजरातमधलं गावही ठरवून टाकलं होतं.

मग वरच्या कोर्टाने जामीन दिला. इतकी वर्षं झाली, खटला सुरूच नाही, एखाद्याला किती दिवस असं ठेवणार, असं काहीसं त्यात म्हटलं होतं. वकिलाचा फोन आला तेव्हा मी एका मुलीची वेणी घालत होते. वेणी पुरी केली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी येऊन आईला म्हटलं, "आये, लक्ष्याला जामीन झाला."

आई खाली बसली. म्हणाली, "आपल्याकडं कुठं हाय जमीन?"

हसू नका. आमच्या पाड्यावर दोन्ही शब्द एकच आहेत. जमिनीला जमीन म्हणतात आणि जामिनालाही जमीन म्हणतात. अमक्याला जमीन झाली, तमक्याने जमीन दिली. शब्द एक म्हणून गोष्टही एकच, असं सगळ्यांनी धरलेलं. ज्याच्याकडे जमीन, तोच जामीन देणार. मी दहावीपर्यंत शिकलेली, मला जामीन वेगळा लिहिता येतो, पण मनात मीही तेच धरलं होतं. वकील म्हणाला, "जामीनदार आणा. नुसता कोणी चालणार नाही, ज्याच्याकडे काही आहे असा पाहिजे." त्याने पुढे समजावलं नाही. आम्हाला समजून घ्यायची गरजही वाटली नाही. ज्याच्याकडे काही आहे असा माणूस आमच्या ओळखीत एकच होता.

आम्ही दोघी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ओट्यावर म्हणजे पायरीवर. ते झोपाळ्यावर होते. आईने पाय धरले. ते लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला बरं वाटलं. माणूस चांगला आहे, असं मी त्या दिवशी शाळेतल्या दुसऱ्या आयेला फोन करून सांगितलंसुद्धा, फक्त कशासाठी ते सांगितलं नाही.

तर असं ते मालक म्हणून कागदावर आले. लक्ष्मण बाहेर आला. केस अर्धे पांढरे, वय सव्वीस. मला वाटलं, संपलं.

आठवड्याभराने आप्पांनी लक्ष्मणला परत प्लॉटवर बसवलं. त्याच फाटकावर. तो म्हणाला, मला तिथे नको, दुसरीकडे कुठेही द्या. आप्पा म्हणाले, "मग जामीन काढून घेऊ का?"

मी वकिलाला विचारलं, असं काढून घेता येतं का. तो म्हणाला, येतं. जामीनदाराने अर्ज करायचा की मला ही जबाबदारी नको. मग आरोपीने दुसरा जामीनदार आणायचा, नाहीतर परत आत. हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, म्हणाला.

तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. आईचे गुडघे गेलेत, तिने झाडणं सोडून पाच वर्षं झाली होती. निरोप आला, बाई गावी गेलीय, म्हातारीला पाठव. आई म्हणाली, गुडघे दुखतात. निरोप आणणारा म्हणाला, आप्पा बोलले, जामीन काढून घेऊ का विचार. आई गेली. माझे रविवार त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. लक्ष्मणला सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी द्यायची असायची, तिथेसुद्धा तो आप्पांना विचारून जायचा. एकदा आईने माझ्या मावशीच्या बाराव्याला जायचं म्हटलं, तर आधी बंगल्यावर जाऊन परवानगी काढली. तुरुंगात निदान भेटीचा दिवस ठरलेला होता.

आप्पांच्या मुलाचं लग्न ठरलं. होय, त्याच मुलाचं. हळदीच्या दिवशी सकाळपासून डीजे. मी मांडवामागे भांडी घासत होते. फाटकावर कोणाला उभं केलं असेल? लक्ष्मणला. त्याला नवा शर्ट दिला होता. पाहुण्यांची गाडी आली की तो फाटक उघडायचा, आत गेली की लावायचा. मधेच नवरदेव बाहेर आला, अंगभर हळद, लक्ष्मणच्या खांद्यावर हात टाकला आणि मित्रांना म्हणाला, "हा आपला माणूस. फाटक एक नंबर लावतो."

मित्र हसले. काहींना कळलं होतं, काहींना नाही. लक्ष्मणच्या शर्टावर हळदीचा पंजा उमटला. संध्याकाळी तो शर्ट त्याने घासून घासून धुतला. डाग गेला नाही. मी म्हटलं, फेकून दे. तो म्हणाला, त्यांनी विचारलं तर कुठे गेला म्हणून काय सांगू?

लग्नानंतर पंधरा दिवसांनी आप्पांनी आम्हा तिघांना बोलावलं. आता कोर्टात आरोप वाचून दाखवण्याची तारीख जवळ आली होती. झोपाळा हलत होता. आप्पा अगदी शांतपणे बोलले. "जज विचारल, गुन्हा कबूल हाय का. लक्ष्याने हाय म्हणायचं. मी एकटाच होतो म्हणायचं. आमचा पोरगा तिथं न्हवता. पोराचं आता लग्न झालंय. म्हातारीला मी बघीन, तुझ्या बहिणीचं लग्न मी लावीन. चार वर्षं तर भोगून झालीच हायत."

आई रडायला लागली. लक्ष्मण फरशीकडे बघत होता. मी विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?"

आप्पा लक्ष्मणला म्हणाले, "तुझी बहीण शाळेत जाते ना? मग तिला समजत असल."

आम्ही घरी आलो. कोणी जेवलं नाही. दोन्हीकडून बंद. हो म्हटलं तर जन्मठेप, नाही म्हटलं तर जामीन काढून परत आत, आणि आप्पांचा वकील, आप्पांचं गाव, आप्पांचे साक्षीदार. मी भिंतीला टेकून बसले. आईने पाठ चोळली. ती म्हणत होती, "आपल्याकडं जमीन असती तर."

पुढच्या तारखेला मी रजा टाकून लक्ष्मणबरोबर कोर्टात गेले. कारण काहीच नव्हतं, त्याला एकटं सोडवत नव्हतं म्हणून. जज रजेवर, पुढची तारीख. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. समोर मेलेल्या टेम्पोवाल्याची बायको बसली होती. ती प्रत्येक तारखेला येते. आमच्याशी कधी बोलत नाही. लक्ष्मण बाहेर आल्यावर पहिल्या तारखेला तिने त्याच्याकडे बघितलं होतं, तसं बघणं मला कोणाच्या वाट्याला नको. तिच्या दृष्टीने तोही बाहेर आणि हाही बाहेर. तिला कसं सांगू की एक बाहेर आहे आणि एक बाहेर असूनही नाही. आणि का ऐकून घेईल ती? तिचा नवरा फाटकाच्या आत मेला.

तेवढ्यात कारकुनाच्या टेबलाशी एक बाई आली. पन्नाशीची, अंगावर हॉस्पिटलच्या सफाईवाल्यांची निळी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या मुलासाठी जामीन राहायला आली होती. कारकून विचारत होता, ती फटाफटा सांगत होती. सही केली, अंगठा उमटवला, त्याची शाई साडीच्या आतल्या टोकाला पुसली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, "मावशी, तुमची जमीन कुठे आहे?"

"कसली जमीन?"

"जामीन दिलात ना आत्ता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं, आणि ती हसली. आप्पांसारखं नाही, दुसरं हसू. "अगं बाई. मी भायंदरला खाडीकडे भाड्याने राहते. तेही घर मालक दर अकरा महिन्यांनी खाली करायला लावतो. जमीन कुठली? हॉस्पिटलात पर्मनंट आहे. पगाराची स्लिप लावली, रेशनकार्ड, आधार, ऑफिसचं लेटर, झालं. जामीन माणूस देतो गं. जमीन नाय देत."

मी म्हटलं, "बाईमाणूस चालतं?"

"मी कोण दिसते तुला?"

मी उठून कारकुनाकडे गेले. तोच कारकून, मालक लिहिणारा. विचारलं, पगारदार बहीण जामीन राहू शकते का. तो म्हणाला, "राहू शकते की. कागद बरोबर पाहिजेत, पोलीस पडताळणी होईल, शेवटी साहेब ठरवतील." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "मग आधीच का नाही राहिलात?"

माझ्या घरातल्या कपाटात दहा वर्षांच्या पगाराच्या स्लिपा होत्या. रबर लावून ठेवलेल्या. भाऊ आत होता, आई गुडघ्यांवर दुसऱ्याचं अंगण झाडत होती आणि मी सातबाऱ्याची पिशवी छातीशी धरून उभी होते. एका शब्दाच्या घोटाळ्यापायी. नाही, नुसत्या शब्दाच्या नाही. विचारायचं नसतं, हे आमच्या अंगात मुरलंय, त्यापायी. मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. आप्पांचा नंतर, आधी स्वतःचा.

परतीच्या बसमध्ये घोडबंदर रोडला ट्रॅफिक तुंबलं होतं. मी लक्ष्मणला सगळं सांगितलं. म्हटलं, कागद जमवायला दिवस लागतील. त्याआधी आप्पांना कळलं आणि त्यांनी जामीन काढला तर तुला थोडे दिवस परत आत जावं लागेल. चालेल का? हे मी ठरवणार नाही, तू ठरव.

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "ताई, आत वाईट होतं. पण आत माझा कोणी मालक नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये गेले. नोकरीचं पत्र पाहिजे म्हटलं. त्यांनी विचारलं, लोन घेताय का. मी म्हटलं, नाही. भाऊ गुजरातला नाही. खुनाच्या केसमध्ये आहे. मला जामीन राहायचंय.

मॅडमने पेन खाली ठेवलं. "मावशी, ये आपने पहले क्यों नहीं बताया?"

"नौकरी जाती, इसलिए."

"और अब?"

"अब भी जा सकती है. पर लेटर चाहिए."

त्या वाईट बाई नाहीत. दोन दिवस घेतले आणि पत्र दिलं, सही-शिक्क्यासह. त्याबरोबर हेही सांगितलं की पेरेंट्सना कळलं तर प्रॉब्लेम होईल, उद्यापासून मुलांजवळ नको, वरच्या मजल्यावर स्टोअररूम बघा. दहा वर्षं ज्या मुलांची नाकं पुसली त्यांच्यापासून मला एका जिन्याने लांब केलं. मी पत्र घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि वर गेले. रंगाचे डबे लावले. दुपारी खाली मुलांची प्रार्थना चालू झाली तेव्हा मात्र फार वाईट वाटलं.

गावात काही लपत नाही. पडताळणीचे कागद हलायच्या आत आप्पांचं बोलावणं आलं. आई म्हणाली, मी येते, पाय धरते. मी म्हटलं, तू घरी बस. लक्ष्मणला घेऊन मी गेले. झोपाळा, पायरी, सगळं जागच्या जागी. मी पायरीवर बसले नाही. उभी राहिले.

"ऐकलं ते खरं का?" आप्पा म्हणाले.

"खरं आहे."

"लक्ष्या कबूल म्हणनार का न्हाय?"

लक्ष्मण बोलला. खाली बघून, पण बोलला. "न्हाय म्हणणार, आप्पा."

आप्पांचा झोपाळा थांबला. ते माझ्याकडे वळले. "जामीन काढून घेऊ का?"

गेले आठ महिने हे वाक्य ऐकलं की आमच्या घरातला कोणी ना कोणी उठून कामाला लागायचा. माझे हात पुन्हा जुळायला निघाले होते, खोटं कशाला सांगू. मी ते ओढणीत धरून ठेवले.

"काढा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं.

"काढा, आप्पा."

त्यांनी काढला. शब्दाचे पक्के आहेत. लक्ष्मण स्वतः कोर्टात हजर झाला आणि परत आत गेला. जाताना तो हळदीचा शर्ट घालून गेला, म्हणाला, तिथेच टाकीन. सतरा दिवस. आई माझ्याशी सतरा दिवस बोलली नाही. भाकरी करून ताट सरकवायची आणि तोंड फिरवायची. पाड्यावर लोक म्हणाले, बहिणीने भावाला आत घातला. मी ऐकून घेतलं. त्या सतरा दिवसांत मी मोफत वकिलासाठी अर्ज केला, आप्पांच्या वकिलाकडून कागद मागून घेतले, पोलीस पडताळणीला आले तेव्हा त्यांना चहा दिला आणि घराला नंबर का नाही ते सांगितलं. रोज सकाळी उठताना वाटायचं की आपण चुकलो. रोज शाळेत जाऊन रंगाचे डबे मोजायचे आणि परत यायचे.

अठराव्या दिवशी तोच व्हरांडा, तेच टेबल. आई आली होती. माझ्या मागे उभी राहिली, बोलली नाही.

"जामीनदाराचं नाव?" मी सांगितलं.

"पत्ता?" सांगितला. घर नंबर नाही, असंही सांगितलं.

"किती वर्षं राहता?"

"आजोबांच्या आधीपासून."

"आरोपीशी नातं?"

"सख्खी बहीण."

त्याने लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं. मग मागे वळून आईला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण तिला वाचता येत नाही. कारकून म्हणाला, "बाई, आरोपी तारखेला आला नाही तर जबाबदारी तुमच्यावर. कळतंय ना?"

"येईल तो," मी म्हटलं.

बाकावर टेम्पोवाल्याची बायको बसली होती. मी तिच्यासमोरून गेले. माफी मागितली नाही, माफीने काय होतं. पण मान खाली घालूनही गेले नाही. तिला जे ऐकायचंय ते तिला ऐकायला मिळेल.

खटला अजून व्हायचाय. आप्पांचा मुलगा बायकोला घेऊन फिरतोय, आप्पांनी आमच्या पाड्याकडे येणाऱ्या वाटेवर पत्रे ठोकलेत, मी अजून स्टोअररूममध्येच आहे. आरोप वाचतील त्या दिवशी लक्ष्मण कबूल नाही म्हणेल. आणि त्याची बोलायची पाळी येईल तेव्हा सांगेल, फाटक मी लावलं, ह्याने लाव म्हटलं म्हणून लावलं, आणि आत काय झालं ते मी पाहिलं. फाटक लावल्याची जी शिक्षा असेल ती त्याने भोगावी. ती कमी करा म्हणून मी कोणाच्या पायरीवर बसणार नाही. दुसऱ्याच्या हातातल्या सळईची शिक्षा मात्र त्याला भोगू देणार नाही. तो कचरला तर मी मागे उभी असेन. प्रत्येक तारखेला, वीस वर्षं लागली तरी.

जामीन मी दिलाय. तो मी काढून घेणार नाही.